आज काय शिजवलंत?

एकट्या राहणाऱ्या वयस्क माणसाला फोन करून ‘काही हवं आहे का?’ असं विचारण्यात अर्थ नसतो. उत्तर ठरलेलं असतं: ‘नको गं, सगळं आहे घरात.’ तांदळाचा डबा तळाला गेलेला असो नाहीतर ब्लडप्रेशरच्या दोनच गोळ्या उरलेल्या असोत, उत्तर बदलत नाही. कुणी कारकुनी केली, कुणी नर्सिंग, कुणी मास्तरकी. आयुष्यभर कुणापुढे हात न पसरलेली ही पिढी. २०२०च्या मार्चअखेर, कोविडचा लॉकडाऊन लागल्यावर, आमच्या ठाण्याच्या सिनेगॉगमधल्या काही बायकांनी आणि तरुण मुलामुलींनी अशा सगळ्यांना रोज फोन करायचं काम वाटून घेतलं. थोड्याच दिवसांत आम्ही तो प्रश्न टाकून दिला आणि दुसरा धरला: ‘आज काय शिजवलंत?’

या प्रश्नाला खरं उत्तर मिळतं. ओळीनं दोन-तीन दिवस ‘खिचडी’ ऐकू आलं की समजायचं, भाजी संपली आहे. ‘चहा-बटर खाल्लं’ म्हणजे सिलिंडर संपला असेल, नाहीतर हात दुखत असेल आणि सांगायचं नसेल. ‘भूकच नव्हती’ हे मात्र काळजीचं. मग गप्पा तिथंच थांबवून ताप आहे का, जिना चढताना दम लागतो का, तोंडाची चव गेली आहे का, हे एकेक करून विचारायचं.

आम्ही बेने इस्रायल, महाराष्ट्रातले ज्यू. घरात मराठी, प्रार्थनेत हिब्रू. आमचे पूर्वज कोकणच्या किनाऱ्यावर अलिबागजवळच्या नवगावला जहाज फुटून आले, असं पिढ्यानपिढ्या सांगितलं जातं. तेलाचा घाणा चालवायचा आणि शनिवारी बंद ठेवायचा, म्हणून गावानं शनवार तेली म्हटलं. पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर ही आमची आडनावंच आमच्या गावांची यादी आहे. १९४८नंतरच्या काही दशकांत बहुतेक घरं इस्रायलला गेली. आज भारतात सगळे मिळून चार-पाच हजार ज्यू असतील, त्यांतले बरेचसे मुंबई-ठाण्यात. जे मागे राहिले त्यांच्यात म्हातारी माणसं पुष्कळ. मुलं अश्दोदला, लोदला, दिमोनाला. आईवडील आग्रीपाड्याच्या चाळीत नाहीतर ठाण्याच्या दोन खोल्यांत. साथीच्या काळात आमच्या समाजापुढचा प्रश्न या एका गोष्टीतून निघतो. धावून येणारी मुलं विमानाच्या अंतरावर होती आणि विमानं बंद होती.

साथ येण्यापूर्वी कुणाचं काय चाललंय हे कळायला आम्हाला वेगळी यंत्रणा लागत नव्हती. टेंभी नाक्याजवळचं आमचं शआर हशामायिम हे सिनेगॉग १८७९चं. मुंबईत मांडवीला समाजी हसाजी दिवेकरांनी १७९६मध्ये बांधलेलं, ‘जुनी मशीद’ म्हणून ओळखलं जाणारं सिनेगॉग आहे, भायखळा-सातरस्त्याच्या टापूत आणखी काही सिनेगॉग आहेत. शनिवारी सकाळी माणसं येतात, प्रार्थना होते, मग बाकावर बसून चहा-नाश्ता आणि गप्पा. एखादे काका दोन शनिवार दिसले नाहीत की कुणीतरी संध्याकाळी त्यांच्या घरी डोकावून येतंच. गरजू वृद्धांच्या औषधपाण्याला ‘जॉइंट’ ही अमेरिकन ज्यू संस्था १९६०च्या दशकापासून मुंबईत हातभार लावत आली आहे. पण कोण आजारी आहे, कुणाचं दार उघडत नाही, हे कळायचं ते त्या बाकावर. लॉकडाऊन लागला आणि सिनेगॉगला कुलूप पडलं, तेव्हा आमची प्रार्थना घरात होऊ शकत होती. बाकावरची ती नजर मात्र घरात आणता येत नव्हती. तिच्या जागी आम्ही एक वही केली.

त्या वहीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण सगळं काम तिच्यावर चाललं. नाव, पत्ता हे तर होतंच. त्यापुढे: कितवा मजला, लिफ्ट आहे की नाही. सोबत कोण. कोणत्या गोळ्या, कोणत्या वेळी, चिठ्ठी कोणत्या डॉक्टरांची. फोन साधा की व्हिडिओचा. परदेशातल्या मुलाचा नंबर. आणि सगळ्यात महत्त्वाचा रकाना, शेजाऱ्याचं नाव आणि नंबर. धर्म कोणताही असो, त्याच मजल्यावरचा माणूस हवा. हा रकाना भरताना आम्हाला समजलं की वीस-वीस वर्षं एका भिंतीपलीकडे राहणाऱ्यांचे मोबाईल नंबर लोकांकडे नसतात. आजवर कधी लागलेच नव्हते, दार वाजवलं की काम व्हायचं.

शेवटचा रकाना होता शब्बाथचा. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत जे काटेकोर पाळतात, ते फोन उचलत नाहीत. एरवी यात काही वावगं नाही. पण एकट्या, मधुमेह असलेल्या माणसाचा आवाज साथीच्या दिवसांत पंचवीस तास ऐकू न येणं धोक्याचं होतं. आमच्या धर्मशास्त्रात जीव वाचवण्यासाठी शब्बाथचे नियम बाजूला ठेवता येतात, नव्हे, ठेवलेच पाहिजेत. सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्या आमच्या हझाननी स्वतः फोन करून एकेकाला हे समजावलं: फोन उशाशी ठेवा, बरं वाटत नसेल तर लावा, पाप माझ्या माथी. तरी काहीजण बधले नाहीत. त्यांच्यासाठी शेजारी होते. नागपाड्याकडच्या एका आजींचं दार शनिवारी सकाळी समोरच्या घरातली मुस्लिम सून वाजवायची. आजी आतून ‘मी बरी आहे गं बाळा’ म्हणायच्या, सून मला तेवढाच निरोप पाठवायची. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात रमजान सुरू झाला. आजी मांस फक्त कोशेर, म्हणजे आमच्या धर्मनियमानं कापलेलं, खातात, हे त्या घराला चाळीस वर्षांपासून माहीत होतं. त्यामुळे इफ्तारच्या ताटातून त्यांच्या दाराशी यायचे ते फक्त खजूर आणि कापलेली फळं, स्वच्छ झाकून.

लॉकडाऊन लागला २५ मार्चला आणि ८ एप्रिलच्या संध्याकाळी पेसाह, म्हणजे वल्हांडणाचा सण, सुरू होत होता. आठ दिवस खमिराचं काही खायचं नाही, म्हणजे पाव-बिस्किटं बंद. एकट्या म्हाताऱ्या माणसाचं अर्धं जेवण तर त्यांच्यावरच चालतं. आम्ही तांदूळ खातो, ही मोठी सोय. युरोपातल्या पुष्कळ ज्यूंना पेसाहमध्ये तोही चालत नाही. पण मात्सा, म्हणजे बिनखमिराची भाकरी, हवी, सेदरच्या रात्रीसाठी, म्हणजे सणाच्या पहिल्या रात्रीच्या विधीसाठी, द्राक्षारसाच्या जागी काळ्या मनुकांचं शरबत हवं, खजूर हवेत. लोकल बंद, मशीद बंदरचा घाऊक बाजार बंदसारखाच, नाक्यानाक्यावर पोलीस.

या सणाच्या सामानाच्या पिशव्या कुणाला द्यायच्या यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. पैसे मोजकेच होते. ज्यांना खरोखर गरज आहे त्यांनाच द्याव्यात, हे म्हणणं हिशेबाला धरून होतं. माझं मत वेगळं होतं आणि आजही आहे. गरजूंनाच पिशवी गेली असती तर पिशवी दिसली की घर गरीब आहे हे अख्ख्या समाजाला कळलं असतं, आणि ज्यांना सगळ्यात जास्त गरज होती त्यांनीच ती परत पाठवली असती. शेवटी वहीतल्या प्रत्येक घराला सणाची पिशवी द्यायचं ठरलं. ज्यांची ऐपत होती त्यांनी आपली पिशवी ठेवून घेतली आणि सिनेगॉगच्या खात्यात तिच्या कितीतरी पट रक्कम भरली. पैसा असा पुरला. फोटो एकही काढला नाही. साथीत मदतीचे किती फोटो फिरत होते! हातात पिशवी घेऊन खाली मान घालून उभी असलेली माणसं मला त्या फोटोंत पाहवत नसत.

पिशवीतल्या मनुकांचं काय करायचं हे तरुण घरांना नीट ठाऊक नव्हतं. एरवी शरबत आयतं मिळायचं. माझगावच्या एक आजी, वय पंच्याऐंशीच्या पुढे, आमच्या यादीत ‘अतिजोखीम’ म्हणून नोंदलेल्या होत्या. हृदयाचा त्रास, मुलगी बीरशेबाला. त्यांना मी सहज विचारलं आणि त्यांचा आवाजच बदलला. मनुका आधी दोन-तीन पाण्यांनी धुवायच्या, देठ एकेक काढायचे. मग पिण्याच्या पाण्यात भिजत घालायच्या, चांगल्या टम्म फुगेपर्यंत. हातानं कुस्करायच्या, मिक्सरला लावायच्या नाहीत, बी फुटली तर कडवट होतं. जाड फडकं नको, जुन्या धुवट मलमलीतून गाळायचं आणि चोथा पुन्हा थोड्या पाण्यात पिळायचा. मी त्यांचा नंबर चार घरांना दिला. त्यानंतर दिवसभर त्यांचा फोन व्यस्त लागायला लागला. पेसाह झाल्यावरही त्या रोज दुपारी स्वतःहून तीन-चार जणींना फोन करत राहिल्या. मदत घेणाऱ्यांच्या यादीतून त्यांचं नाव मी काढलं नाही, पण फोन करणाऱ्यांच्या यादीत घातलं. या साऱ्या कामात मला जे शिकायला मिळालं त्यात हे सगळ्यात मोलाचं आहे: ज्याला आपण आधार देतोय त्याच्याकडे मागण्यासारखं काय आहे, हे शोधून ते मागितलं पाहिजे.

सेदरची रात्र व्हिडिओवर करावी का, यावर जगभर वाद झाला. इस्रायलमधल्या सेफार्दी परंपरेच्या काही रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, एकट्या वृद्धांसाठी त्याला परवानगी दिली, तिथल्या मुख्य रब्बींनी विरोध केला. आम्ही त्यातून सरळ वाट काढली. सूर्यास्ताच्या आधी सगळे पडद्यावर जमले, हझाननी आशीर्वाद म्हणून दाखवले, विधी कसा करायचा ते सांगितलं आणि दिवस मावळण्याआधी फोन बंद करून प्रत्येकजण आपापल्या टेबलाशी बसला. त्या रात्री घरातलं सगळ्यात लहान मूल चार प्रश्न विचारतं. घरात मूल नसेल तर मोठ्यानं विचारावे आणि माणूस एकटाच असेल तर त्यानं स्वतःलाच विचारावे, असा नियम आहे. त्या वर्षी आमच्या वहीतल्या कितीतरी घरांत हा नियम पाळला गेला. अश्दोदच्या एका नातीनं ते प्रश्न आपल्या आवाजात आधीच पाठवून ठेवले होते. आजोबांनी दुपारपासून ते किती वेळा ऐकले हे त्यांनीच मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. इस्रायलमध्येही त्या रात्री संचारबंदी होती. दोन्हीकडची दारं बंद होती.

‘असुरक्षित’ म्हटलं की म्हातारी माणसं डोळ्यांपुढे येतात. पण आमच्यात रिक्षा चालवणारे आहेत, खासगी शिकवण्या घेणारे आहेत, मलिद्याच्या विधीची आणि लग्नाची ऑर्डर घेऊन स्वयंपाक करणाऱ्या बायका आहेत. यांची कमाई एका रात्रीत थांबली आणि यांचं वय साठच्या आत असल्यामुळे ते कुणाच्याच यादीत नव्हते. एका रिक्षावाल्या भावाला आम्ही रेशन देऊ केलं. त्यानं घेतलं, पण मान वर केली नाही. मग औषधं पोचवण्यासाठी पोलिसांचा पास काढायचा झाला तेव्हा तो त्याच्या नावानं काढला, आणि प्रत्येक फेरीचं भाडं ठरवून दिलं. ठाणे, मुलुंड, कुर्ला असा तो फिरायचा. औषध दाराच्या कडीला अडकवायचा, बेल वाजवायचा, दोन पायऱ्या खाली उतरून उभा राहायचा आणि आजी-आजोबांना डोळ्यांनी पाहिल्याशिवाय निघायचा नाही. कोण थकलेलं दिसतंय, कुणाच्या पायाला सूज आहे, हे त्याच्याकडून कळायचं. फोनवर ते कधीच कळलं नसतं. बाराव्या शतकातले वैद्य आणि धर्मशास्त्रकार रामबाम यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. घेणाऱ्याला काम मिळवून देऊन आपल्या पायावर उभं करणं, ही त्यांतली सगळ्यात वरची. मी हे लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलं होतं. त्या भावाची मान वर झालेली पाहिली तेव्हा ते पटलं.

एका घराचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. आई ऐंशीच्या घरातली, मुलगा पन्नाशीचा, जन्मापासून मतिमंद. त्या माउलीला स्वतःच्या मरणाची भीती नव्हती. ‘मला दवाखान्यात नेलं तर याचं काय?’ एवढंच ती विचारायची. ‘काही होणार नाही, मावशी’ असं म्हणणं सोपं होतं. आम्ही तिला एक कागद करून दिला: तू दवाखान्यात गेलीस तर पहिल्या तासात कोण येईल, ते आलं नाही तर दुसरं कोण, मुलाला कशानं घाबरायला होतं, तो काय खातो, कोणतं गाणं लावलं की झोपतो. खाली त्या येणाऱ्या दोघांच्या सह्या. तो कागद तिनं दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाशेजारी, म्हणजे आमच्या प्रार्थनेच्या डबीशेजारी, चिकटवला. वापरायची वेळ आली नाही. पण त्यानंतर तिला रात्री झोप लागायला लागली.

३ जूनला निसर्ग वादळ आलं. अलिबाग, रेवदंड्याच्या बाजूला आमची थोडीच घरं उरली आहेत, तीही वाडीत, कौलारू. कौलं उडाली, माडपोफळी आडव्या झाल्या, वीज गेली, मोबाईल बंद पडले. मुंबईहून जायचं तर जिल्ह्याची हद्द ओलांडायला परवानगी हवी. तिथं आधी पोचले ते गावकरीच. ताडपत्री त्यांनी टाकली, आमच्या म्हाताऱ्यांना पक्क्या घरात त्यांनी हलवलं. आम्ही मागाहून पैसे पाठवले. गावात शेकडो वर्षं एकत्र राहिल्यावर कोण कुणाचं, हे वादळात कुणी विचारत नाही.

मृत्यूबद्दल लिहायला हात धजत नाही, पण टाळूनही चालणार नाही. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेनं परिपत्रक काढलं की कोविडनं गेलेल्या कोणत्याही धर्माच्या माणसाचं दहनच होईल. काही तासांत ते मागे घेतलं गेलं. आमच्यात दफन करतात; तेवढ्या वेळात माझा फोन खाली ठेवायला फुरसत मिळाली नाही. घाबरलेला प्रत्येक आवाज ऐंशीच्या आसपासचा होता आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच, ‘मला जाळतील का गं?’ पुढं आमच्यातली काही माणसं गेली. देहाला अंघोळ घालणं, पांढरं वस्त्र नेसवणं हे आमच्यात फार पवित्र काम, नातेवाइकांनीही न करता समाजातल्या जाणत्या माणसांनी करायचं. त्या काळात ते करता आलं नाही. वरळीच्या दफनस्थानात मोजकी माणसं अंगभर प्लॅस्टिक घालून उभी. मृतासाठीचा कद्दीश म्हणायला दहा पुरुष लागतात, ते जमेनात. एका काकांसाठी तो त्यांच्या मुलानं लोदला म्हटला, तिथं अंगणात जमलेल्या दहा जणांत, आणि काकूंनी इथं फोनला कान लावून ‘आमेन’ म्हटलं. शोकाचे सात दिवस घरात चूल पेटू द्यायची नाही, जेवण दुसऱ्यांनी आणायचं, ही आमची रीत. ती एक रीत आम्ही मोडू दिली नाही. सात दिवस डबा गेला, रोज वेगळ्या घरातून, त्याच रिक्षातून.

प्रार्थनास्थळं महाराष्ट्रात १६ नोव्हेंबर २०२० ला उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला परत उघडली. आमचे मोठे सण, नव्या वर्षाचा ‘नव्याचा सण’ आणि प्रायश्चित्ताचा योम किप्पुर, सप्टेंबरच्या आसपास येतात. म्हणजे लागोपाठ दोन वर्षं ते सिनेगॉगबाहेर गेले. योम किप्पुरच्या कडक उपवासाला ज्यांना डॉक्टरांची मनाई होती, त्यांना हझाननी यादी घेऊन एकेकाला फोन केला आणि सांगितलं की तुम्ही खाणं हीच या वर्षी आज्ञा आहे. नव्याच्या सणाचा चिकाचा हलवा मात्र घरोघरी पोचला. गव्हाचा चीक आणि नारळाचं दूध तासभर घोटत उभं राहणं म्हाताऱ्या हातांना झेपत नाही, ते मुलींनी केलं.

१ मार्च २०२१ पासून साठीच्या पुढच्यांना लस मिळू लागली. अ‍ॅपवर नोंदणी करणं या वयाला जमणारं नव्हतं. ते मुलांनी केलं. मन वळवणं अधिक अवघड होतं. एक आजोबा लस घ्यायला तयारच होईनात. त्यांच्या लहानपणी घरात प्लेगच्या गोष्टी सांगितल्या जायच्या. मी त्यांना हाफकिनची आठवण करून दिली. ओदेसाचा ज्यू माणूस, १८९६च्या प्लेगात मुंबईत आला, ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या खोलीत लस केली आणि १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्याच्याच नावाची. आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘रिक्षा किती वाजता येईल?’

वही आम्ही बंद केलेली नाही. शुक्रवारी दुपारी, शब्बाथ लागण्याआधी, अजून फोन होतात. काही नावांवर रेघ आली आहे, काही नवी चढली आहेत; फोन करणाऱ्या मुलांपैकी दोघं आता इस्रायलला गेली आणि त्यांचे आईवडील यादीत आले. आमचा समाज लहान आहे, म्हणून हे जमलं असं लोक म्हणतात. पण तुमची इमारतही तेवढीच लहान आहे. तुमच्या जिन्यावर एकटं राहणारं कोणी असेल तर त्यांच्या गोळ्यांची नावं, डॉक्टर आणि मुलांचा नंबर एका कागदावर लिहून घ्या. शेजारच्या दाराचा मोबाईल नंबर तुमच्याकडे नसेल, तर तो आजच मागून घ्या.